सेंट हेलेना बेटाचे उतार : एका दुर्गम बेटाच्या दळणवळणाचा इतिहास

शिवकालीन व शंभुकालीन इंग्रजी कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस रिचर्ड केग्विन हें नांव नवें नाहीं. इ. स. १६७९ च्या खांदेरीच्या झगड्यांत मराठी आरमाराशीं लढणारा, १६८३ च्या डिसेंबरांत कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई ताब्यांत घेणारा, आणि १६८४ सालीं संभाजीमहाराजांशीं तह जुळविणारा तो हाच केग्विन. मुंबईस येण्यापूर्वीं तो दक्षिण अटलांटिक महासागरांतील सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर होता, आणि तें बेट डचांपासून परत घेण्याकरितां उतरलेल्या तुकडीचा नायकहि तोच होता. १६७३ सालीं ज्या खाडींत तो उतरला, तिच्या माथ्यावरील माळावर २०१७ सालीं प्रवासी विमानांची नियमित ये-जा सुरू झाली. या दोन प्रसंगांमध्यें सुमारें साडेतीनशें वर्षें गेलीं. प्रश्न मात्र एकच राहिला.

तो प्रश्न असा कीं, बेटावर उतरावें कसें? आमचें प्रतिपादन थोडक्यांत हें आहे कीं, सेंट हेलेनाचा इतिहास हा त्याच्या उतारांचा इतिहास आहे. बेटापर्यंत पोंचण्याची विद्या नाविकांनीं लवकर हस्तगत केली. बेटावर पाय ठेवण्याची व पाय ठेवल्यावर कडा चढण्याची अडचण मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें सोडवावी लागली. ज्यानें ती ज्या काळीं सोडविली त्याचें त्या काळीं तें बेट झालें. आणि ती सोडवितांना जीं माणसें राबलीं किंवा मेलीं त्यांची नोंद बहुधा याच उतारांच्या आसपास सांपडते. जुन्या कागदांचा संग्रह करणारांस या विषयांत रस वाटावा, तो याच कारणानें.

१. स्थान आणि वारे

हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें सोळा अंशांवर आहे. आफ्रिकेचा किनारा तेथून सुमारें १,९०० किलोमीटर दूर. अगदीं जवळची भूमि म्हणजे असेन्शन बेट, तेंहि सुमारें १,३०० किलोमीटरांवर. बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १२२ चौरस किलोमीटर असून २०२१ च्या खानेसुमारींत तेथील वस्ती साडेचार हजारांच्या आंतच भरली. जमीन ज्वालामुखीपासून झालेली आहे. सह्याद्रीच्या कातळाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस तेथील काळा दगड व तुटलेले कडे ओळखीचे वाटतील. फरक इतकाच कीं, तेथें कड्याच्या पायथ्याशीं कोंकणपट्टीसारखी सपाटी नाहीं. कडा थेट समुद्रांत उतरतो. ओढ्यांनीं जेथें अरुंद घळी कापल्या आहेत, तेवढ्याच जागीं माणसाला किनारा सांपडतो.

या बेटावर वर्षभर आग्नेयेकडून वारा वाहतो. त्याचे परिणाम तीन झाले. पहिला असा कीं, युरोपांतून हिंदुस्थानाकडे निघालेल्या शिडाच्या जहाजास हा वारा समोरून लागे, म्हणून तें ब्राझीलच्या बाजूस मोठा वळसा घेऊन केपकडे जाई व सेंट हेलेना सहसा त्याच्या वाटेंत येत नसे. परतीच्या जहाजास मात्र केप ओलांडल्यावर तोच वारा पाठीशीं मिळे आणि तो त्यास नेमका या बेटाकडे आणी. अर्थात् हें बेट हिंदुस्थानास जाणारांचें नव्हे, तर हिंदुस्थानांतून परतणारांचें विश्रांतिस्थान झालें. दुसरा परिणाम असा कीं, वाऱ्यासमोरील पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर लाटांचा मारा अखंड चालतो. नांगर टाकण्यास योग्य असा आसरा वायव्येच्या बाजूसच मिळतो. तिसरा असा कीं, बेटाच्या पलीकडे एकदां वाहवत गेलेल्या जहाजास वाऱ्याविरुद्ध परत येणें फार कष्टाचें होई. म्हणून जहाजें पूर्वेकडून बेट गांठीत, उत्तर किनारा जवळ धरून वळत, व मग आसऱ्याच्या पाण्यांत शिरत.

रेखांश मोजण्याचें खात्रीचें साधन हातीं येण्यापूर्वीं तांडेल बेटाच्या अक्षांशावर आधींच येऊन मिळत आणि मग सरळ पश्चिमेस चालत. खगोलशास्त्राच्या इतिहासांत या बेटाचें नांव वारंवार येतें हा केवळ योगायोग नव्हे. एडमंड हॅले १६७७ सालीं दक्षिण आकाशांतील ताऱ्यांची यादी करण्यासाठीं येथें आला. नेव्हिल मॅस्केलिन १७६१ सालीं शुक्राचें अधिक्रमण पाहण्यास आला; ढगांमुळें अधिक्रमण नीट दिसलें नाहीं, परंतु त्याच प्रवासांत चंद्राच्या अंतरांवरून रेखांश काढण्याची रीत त्यानें पारखून पाहिली व १७६३ सालीं नाविकांसाठीं प्रसिद्ध केली.

२. गोव्याचा संबंध

इ. स. १५०२ मध्यें हिंदुस्थानांतून परतणाऱ्या जुआंव द नोव्हा या पोर्तुगीज कप्तानास हें बेट प्रथम दिसलें. तेथें मनुष्यवस्ती नव्हती. पोर्तुगीजांनीं तेथें ठाणें घातलें नाहीं. शेळ्या सोडल्या, फळझाडें लावलीं, वायव्येच्या घळींत एक प्रार्थनामंदिर बांधलें, आणि प्रवासांत आजारी पडलेले खलाशी तेथें उतरवून पुढील जहाजानें त्यांस न्यावें असा परिपाठ ठेवला. गोडें पाणी, ताजें मांस आणि फळें या तीन गोष्टींकरितांच हा थांबा होता.

या बेटाचा पहिला रहिवासी मात्र गोव्याच्या इतिहासांतूनच तेथें गेला. फेर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई आदिलशाही पक्षास मिळाला होता. १५१२ सालीं बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर रसूलखानानें अशा लोकांस जीवदानाच्या अटीवर पोर्तुगीजांच्या हवालीं केलें. आल्बुकर्कनें प्राण घेतले नाहींत, पण नाक, कान, उजवा हात व डाव्या हाताचा आंगठा कापविला. कांहीं वर्षांनीं मायदेशीं परत जातांना लोपिश या बेटावर उतरला आणि जहाज सुटण्याच्या वेळीं रानांत दडून बसला. पुढें मधला एक युरोपचा प्रवास सोडल्यास तो मरेपर्यंत, म्हणजे १५४५ च्या सुमारापर्यंत, तेथेंच राहिला. जहाज दिसलें कीं लपावयाचें, असा त्याचा बरींच वर्षें क्रम होता. ज्या बेटावर पुढें शेंकडों कैदी इच्छेविरुद्ध उतरविले गेले, त्याचा पहिला रहिवासी इच्छेनें उतरला व परत जाण्याच्या भयानें दडला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

गोव्यास आर्चबिशपाच्या पदरीं असलेला डच गृहस्थ यान हुयगेन व्हान लिन्स्खोटेन १५८९ सालीं परतीच्या वाटेवर येथें थांबला. १५९६ सालीं निघालेल्या त्याच्या प्रवासग्रंथांत या बेटाचें वर्णन व चित्रें आहेत. तत्पूर्वीं वर्षभर, १५८८ सालीं, टॉमस कॅव्हेंडिश या इंग्रज नाविकानें बेट पाहिलें होतें. पोर्तुगीजांनीं गुप्त राखलेला थांबा अशा रीतीनें उघडा झाला.

३. केग्विनचा उतार

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीनें १६५९ च्या मे महिन्यांत कप्तान जॉन डटन याच्या हाताखालीं बेटावर वस्ती बसविली व वायव्येच्या घळींत किल्ला बांधला. त्या घळीच्या तोंडाशीं जें गांव वाढलें तें जेम्सटाऊन. कंपनीचा हिशेब असा कीं, नांगर टाकण्यास योग्य पाणी एकाच बाजूस आहे. त्या बाजूच्या घळींच्या तोंडांवर तटबंदी व तोफा ठेवल्या म्हणजे बेट सुरक्षित. १६७३ च्या आरंभीं डचांनीं हा हिशेब खोटा पाडला. ते दुसऱ्या घळीनें वर चढून आले व डोंगरमाथ्यावरून त्यांनीं किल्ल्यास शह दिला. गव्हर्नर अँथनी बील यास जहाजांत बसून ब्राझीलकडे निघून जावें लागलें.

त्याच वर्षीं मे महिन्यांत रिचर्ड मंडेन हा इंग्रज आरमारी कप्तान बेट परत घेण्यास आला. त्याच्याबरोबर एक वाटाड्या होता. तो बेटावरचा गुलाम असून इंग्रजी कागदांत त्याचा उल्लेख ‘ब्लॅक ऑलिव्हर’ असा येतो. वाऱ्यासमोरच्या बाजूस, जेथें लाटांमुळें कोणी उतरेल असें डचांस वाटलें नाहीं, त्या प्रॉस्परस बे नांवाच्या खाडींत केग्विनची तुकडी उतरली. स्थानिक परंपरा अशी कीं, टॉम नांवाचा एक इसम दोर घेऊन कड्यावर चढला, आणि खालचे लोक ‘टॉम, घट्ट धर’ असें ओरडत राहिले. ‘होल्डफास्ट टॉम’ हें त्या जागेचें नांव अद्याप चालू आहे. समुद्राकडून मंडेनच्या तोफा व डोंगरावरून येणारी फौज अशा पेंचांत सांपडून डचांनीं बेट सोडलें. केग्विन गव्हर्नर झाला. ऑलिव्हरला या कामगिरीबद्दल स्वातंत्र्य मिळालें.

सिंहगडचा कडा चढून तानाजी मालुसऱ्यांनीं गड घेतला तो १६७० सालीं, म्हणजे या प्रसंगाच्या तीनच वर्षें आधीं. तेथेंहि परंपरेनें दोराभोंवतीं कथा गुंफली आहे. दोन प्रसंगांत कांहींएक संबंध आहे असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. परंतु अभेद्य म्हणून जी बाजू राखली जात नाहीं तीच बाजू शत्रूची वाट होते, हा किल्ल्यांचा नियम बेटांनाहि लागू पडतो, एवढें यावरून दिसतें. सहा वर्षांनीं खांदेरीपाशीं हाच नियम केग्विनच्या विरुद्ध फिरला. तेथें इंग्रजांचीं जहाजें मोठीं व तोफा भारी होत्या. तरी मराठ्यांचीं हलकीं गलबतें रात्रीं किनाऱ्यावरून निघून बेटावर माणसें व सामान पोंचवीत राहिलीं. उतार बंद करतां न आल्यामुळें बेट घेतां आलें नाहीं. या दोन्ही घटना एकाच माणसाच्या चरित्रांत येतात म्हणून त्या शेजारीं ठेवून वाचाव्या, अशी आमची सूचना आहे.

४. जेम्सटाऊनचा धक्का

कंपनीच्या अमलांत परतीच्या जहाजांचा मार्ग ठराविक झाला. उत्तर किनाऱ्यानें येणाऱ्या जहाजानें बँक्सच्या मोर्च्याजवळ आपली ओळख पटवून मगच पुढें सरकावें असा नियम होता. युद्धकाळांत हिंदुस्थान व चीनहून आलेलीं जहाजें येथें जमत आणि आरमारी संरक्षण मिळेपर्यंत थांबत. असईच्या लढाईंतील आर्थर वेलस्ली १८०५ सालीं हिंदुस्थान सोडून जातांना येथें थांबला होता. दहा वर्षांनीं, १८१५ च्या ऑक्टोबरांत, नेपोलियन कैदी म्हणून याच धक्क्यावर उतरला. त्याच्या सुटकेचा यत्न होऊं नये म्हणून इंग्रजांनीं १८१५ सालीं असेन्शनवर व १८१६ सालीं त्रिस्तान द कुन्यावर शिबंदी बसविली. एका धक्क्याची राखण करण्यासाठीं शेंकडों कोस दूरचीं बेटें व्यापावीं लागलीं, यावरून त्या धक्क्याचें महत्त्व कळतें.

धक्का म्हटला तरी जहाज लागेल असा तो नव्हता. जहाज खोल पाण्यांत नांगरावयाचें, माल पडावांत उतरवावयाचा, आणि माणसांनीं होडींतून दगडी पायऱ्यांशीं यावयाचें. होडी लाटेवर उचलली गेली कीं वरून सोडलेला दोर धरून पायरीवर उडी टाकावयाची, ही रीत तीन शतकें टिकली. वायव्येची बाजू एरवीं शांत असली तरी उत्तर अटलांटिकांतील हिंवाळी वादळांच्या दूरवरून येणाऱ्या लाटा, ज्यांस तेथें ‘रोलर’ म्हणतात, तेथेंहि पोंचतात. वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि समुद्र मात्र एकाएकीं उसळलेला, असा तो प्रकार असे. १८४६ च्या फेब्रुवारींत अशाच लाटांनीं नांगरलेलीं तेरा जहाजें फोडलीं व धक्क्याचें मोठें नुकसान केलें.

बेटाच्या कराराच्या भाषेंत माणसेंहि मालाप्रमाणेंच मोजलीं जात. मादागास्करशीं व्यापार करणाऱ्या प्रत्येक जहाजानें येथें एक गुलाम उतरवून द्यावा असा कंपनीचा दंडक सतराव्या शतकांत होता. मादागास्कर व पूर्वेकडील मुलुखांतून आणलेल्या या लोकांनीं, व १८१० नंतर आणलेल्या चिनी मजुरांनीं, बेटावरील तट बांधले व रस्ते खोदले.

५. घळींतून माथ्यावर

जेम्सटाऊन दोन उभ्या डोंगरांच्या मध्यें वसलें आहे. शेती व हवेशीर जमीन सारी माथ्यावर. म्हणून उतरल्यानंतरचा दुसरा प्रश्न चढाचा. पूर्वेच्या डोंगरास बिलगून एक अरुंद वाट गेली, तिला साइड पाथ म्हणतात. पश्चिमेच्या अंगानें दुसरी वाट लॅडर हिलवर गेली. १८४० सालीं नेपोलियनचें शव फ्रान्सला न्यावयाचें ठरलें, तेव्हां ती जड शवपेटी माथ्यावरून याच अरुंद रस्त्यांनीं धक्क्यापर्यंत आणावी लागली. रोजची वाहतूक गाढवांच्या पाठीवर चाले, व विसावें शतक बरेंच उलटेपर्यंत गाढव हेंच गरिबाचें वाहन होतें.

कंपनीचा शेवटचा गव्हर्नर चार्ल्स डॅलस याच्या कारकीर्दींत, १८२९ सालीं, लॅडर हिलच्या उभ्या उतरणीवर एक लोहमार्ग बांधला गेला. तो तोफखान्यांतील जी. डब्ल्यू. मेलिस या अंमलदाराच्या देखरेखीखालीं झाला. उंची सुमारें १८० मीटर, चढ सुमारें ४० अंश. दोन्ही बाजूंस रूळ, मध्यें पायऱ्यांची शिडी, आणि माथ्यावर जनावरांनीं फिरवावयाचा रहाट, अशी त्याची रचना होती. एक गाडी वर जातांना दुसरी खालीं येई. गांवांतील तबेल्यांचें खत माथ्यावरच्या शेतांत न्यावयाचें व माथ्यावरचें सामान गांवांत आणावयाचें, आणि किल्ल्यास रसद पोंचवावयाची, हे त्याचे हेतु. स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ इंजिनानें रेनहिलची शर्यत जिंकली तीहि १८२९ सालींच. आणि मुंबई-ठाणें आगगाडी धांवली १८५३ सालीं. एवढ्या एकाकी बेटावर त्याच वर्षीं रूळ पडले होते ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

१८३४ सालीं बेट कंपनीकडून राजसत्तेकडे गेलें. पुढें गाड्यांचा मार्ग निरुपयोगी झाला व १८७१ सालीं लष्करी एंजिनियरांनीं शिडी तेवढी नव्यानें बांधली. तिच्या ६९९ पायऱ्या आज माणसें हौसेनें चढतात. पहिली मोटार बेटावर उतरली ती १९२९ सालीं. अरुंद वाटांवर समोरासमोर गांठ पडल्यास चढणाऱ्या गाडीस आधीं वाट द्यावी असा तेथें रिवाज आहे. घाटांत बैलगाडी हांकणारास त्याचें कारण समजावून सांगावें लागणार नाहीं.

६. रूपर्टची घळ

जेम्सटाऊनच्या पूर्वेस लागूनच दुसरी घळ आहे, ती रूपर्टची. इंग्रजांनीं गुलामांचा व्यापार बेकायदा ठरविल्यावर त्यांचें आरमार अटलांटिकांत गुलामवाहू जहाजें पकडूं लागलें, व १८४० पासून अशीं जहाजें न्यायनिवाड्यासाठीं सेंट हेलेनास आणलीं जाऊं लागलीं. पुढील सुमारें तीस वर्षांत पंचवीस हजारांहून अधिक आफ्रिकी माणसें या रीतीनें बेटावर उतरविलीं गेलीं. त्यांचें मुख्य ठाणें या घळींत होतें. जहाजांच्या तळाशीं कोंबून आणलेलीं तीं माणसें कायद्यानें मुक्त झालीं, पण रोग व उपासमार यांनीं त्यांतील हजारों येथेंच मेलीं. जगलेल्यांपैकीं बहुतेकांस वेस्ट इंडीज व इतरत्र मजुरीसाठीं पाठविण्यांत आलें.

पकडलेलीं जहाजें मोडून त्यांचें लांकूड जेम्सटाऊनमध्यें ठेवीत. त्या लांकडांतून १८४० च्या सुमारास वाळवी आली. तिनें पुढील वीस-पंचवीस वर्षांत गांवांतील घरांचे वासे, चौकटी व ग्रंथालयांतील पुस्तकें फस्त केलीं. त्याचें वर्णन जॉन चार्ल्स मेलिस याच्या १८७५ च्या ग्रंथांत आहे. दप्तरें राखणाऱ्या वाचकांस हें वाचून अंगावर कांटा येईल. एका वाहतुकीचा अन्याय थांबवितांना दुसऱ्याच मार्गानें नाश बेटावर उतरला.

रूपर्टच्या घळींतील थडगीं बराच काळ विस्मृतींत होतीं. विमानतळाच्या बांधकामाचें सामान नेण्यासाठीं याच घळींतून रस्ता काढावयाचें ठरलें, तेव्हां पुरातत्त्वज्ञांनीं २००७-०८ मध्यें तेथें उत्खनन केलें व ३२५ माणसांचे अवशेष काढले. ते अवशेष २०२२ सालीं पुन्हां विधिपूर्वक पुरण्यांत आले. म्हणजे रस्ता पुरा होऊन विमानें उडूं लागल्यावरहि कित्येक वर्षें ज्यांच्या थडग्यांवरून रस्ता गेला ते विसाव्याची वाट पाहत होते.

७. आगबोटीचे दिवस

वाऱ्यानें जें दिलें तें वाफेनें नेलें. आगबोटीस वाऱ्याची गरज नाहीं. आणि १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडल्यावर हिंदुस्थानच्या वाहतुकीस केपचा वळसाहि उरला नाहीं. १८५५ सालीं १,१०० जहाजांनीं या बेटास भेट दिली होती. १८८९ सालीं ती संख्या २८८ वर आली. बेट जागच्या जागीं राहिलें, पण जगाची वाट सरकल्यामुळें तें अधिक दूर झालें. दुर्गमता ही केवळ अंतरानें ठरत नाहीं, मार्गानें ठरते, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. आमच्याकडे चौल व दाभोळ हीं बंदरें व्यापाराची वाट फिरतांच कशीं ओस पडलीं तें वाचकांस ठाऊक आहे.

यानंतर बेटाचा उपयोग पुन्हां बंदिशाळा म्हणून झाला. झुलू राजपुत्र दिनुझुलू १८९० ते १८९७ पर्यंत व सुमारें सहा हजार बोअर युद्धकैदी १९०० नंतर येथें होते. १८९९ सालीं समुद्राखालून केपपर्यंत तारायंत्राची दोरी आली. युनियन-कॅसल कंपनीच्या आगबोटी १९७७ पर्यंत येत. त्यानंतर बेटाच्या नांवाचीच टपालबोट चालूं लागली. तिच्या जागीं आलेली दुसरी ‘सेंट हेलेना’ ही ॲबर्डीन येथें बांधलेली बोट १९९० पासून फेऱ्या करूं लागली. केपटाऊनहून बेटास पोंचण्यास तिला सुमारें पांच दिवस लागत. पीठ, औषधें, टपाल, मोटारी, गुरें, वरमाय व न्यायाधीश, सारें त्याच बोटीनें येई, आणि पुन्हां खुल्या पाण्यांत नांगरून पडावांत व होड्यांत उतरे. ज्यांस पायऱ्या झेपत नसत त्यांस पिंजऱ्यासारख्या साधनांत बसवून यारीनें वर घेत. बेटावर ज्या दुखण्यास इलाज नाहीं तें झालेल्या रोग्यास बोट येईपर्यंत वाट पाहणें भाग असे. विमानतळाची मागणी ज्यांनीं केली त्यांच्या मनांत हेंच दुःख अग्रभागीं होतें असें मानण्यास हरकत नाहीं.

८. प्रॉस्परस बेचा माळ

बेटावर पुरेशी लांब व सपाट जमीन एकच, प्रॉस्परस बेच्या माथ्यावरचा माळ. २०११ सालीं विमानतळाचा करार झाला. माळ पुरेना म्हणून शेजारची एक कोरडी घळ सुमारें शंभर मीटर उंचीचा भराव घालून भरली. त्यास सुमारें ऐंशी लाख घनमीटर दगडमाती लागली. रूपर्टच्या खाडीपासून माळापर्यंत १४ किलोमीटरांचा रस्ता काढला. एकंदर खर्च सुमारें २८ कोटी ५० लाख पौंड झाला. २०१५ च्या सप्टेंबरांत पहिलें विमान उतरलें. २०१६ च्या एप्रिलांत मोठें प्रवासी विमान चांचणीसाठीं आलें, तेव्हां उत्तर टोंकाकडून उतरतांना वाऱ्याचा वेग व दिशा थोड्या अंतरांतच एकाएकीं बदलतात असें अनुभवास आलें. मे महिन्यांत ठरलेलें नियमित विमानसेवेचें उद्घाटन पुढें ढकलावें लागलें. रोग्यांस नेणारीं लहान विमानें त्याच वर्षीं उतरूं लागलीं. नियमित प्रवासी सेवा १४ ऑक्टोबर २०१७ रोजीं, लहान आकाराच्या विमानानें, जोहान्सबर्गहून सुरू झाली. टपालबोटीची शेवटची फेरी २०१८ च्या फेब्रुवारींत झाली.

येथें एका जुन्या नोंदीकडे लक्ष वेधावयाचें आहे. चार्ल्स डार्विन १८३६ च्या जुलैंत या बेटावर कांहीं दिवस होता. आपल्या प्रवासवृत्तांत तो लिहितो कीं, खोल कड्यानें संपणाऱ्या एका माळाच्या कांठीं आपण उभे होतों तेथें हवा स्तब्ध होती, पण कांहीं पावलांवर, कड्याबाहेर, समुद्रपक्षी जोराच्या वाऱ्याशीं झगडत होते. स्तब्ध हवा व झंझावात यांमध्यें अवघ्या दोनएक यार्डांची अदृश्य भिंत होती. वारा कड्यावर आपटून वर वळतो असें कारणहि त्यानें सुचविलें आहे. २०१६ नंतर ही नोंद पुष्कळांस आठवली.

या नोंदीवरून एंजिनियरांस दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. डार्विननें माळाचें नांव दिलेलें नाहीं. त्याची नोंद निरीक्षण आहे, मापन नव्हे. विमान उतरविण्यास मापनच पाहिजे. परंतु जुना कागद उत्तर देत नसला तरी कोणता प्रश्न विचारावा हें पुष्कळदां सांगतो. कड्याच्या कांठावरचा वारा मोजला पाहिजे, हें त्या चार ओळींवरून १८० वर्षें आधीं सुचत होतें. १६७३ सालीं डचांस लाटांनीं फसविलें, २०१६ सालीं आधुनिकांस वाऱ्यानें. दोन्ही वेळां कारण एकच, आग्नेयेचा नित्य वारा.

९. संशोधकांस उपयोग

सेंट हेलेनाचें कंपनीकालीन दप्तर जेम्सटाऊनच्या वाड्यांत, म्हणजे ज्यास तेथें कॅसल म्हणतात त्या इमारतींत, सतराव्या शतकापासून जतन केलेलें आहे. लंडनला पाठविलेल्या कागदांचा भाग तेथील इंडिया ऑफिसच्या संग्रहांत आहे. गव्हर्नर हडसन जॅनिश यानें केलेले त्यांतील उतारे १८८५ सालीं प्रसिद्ध झाले. टी. एच. ब्रूक याचा १८०८ चा इतिहास व फिलिप गॉस याचा १९३८ चा ग्रंथहि पाहण्यासारखा आहे.

आमच्या वाचकांस यांचा उपयोग तीन प्रकारें होईल. मुंबई व सुरत येथून परतणाऱ्या जहाजांच्या रोजनिशींत सेंट हेलेनाचा मुक्काम येतो. तेथें दुसऱ्या जहाजांशीं झालेल्या भेटी व मिळालेल्या बातम्या नोंदलेल्या असतात, आणि इकडील घटना विलायतेस केव्हां कळल्या हें ठरविण्यास त्या उपयोगी पडतात. दुसरें, केग्विनसारख्या व्यक्तींच्या चरित्राचा पूर्वभाग तेथील कागदांशिवाय पुरा होत नाहीं. तिसरें व महत्त्वाचें असें कीं, बंदरें, घाट, उतार, तर, धक्के यांविषयींचे जे किरकोळ कागद आपल्याकडील घराण्यांच्या रुमालांत निघतात, ते तहनाम्यांच्या मानानें क्षुल्लक समजून बाजूस पडूं नयेत. होडी कोणत्या महिन्यांत लागते, कोणत्या वाऱ्यांत लागत नाहीं, चढाला किती माणसें लागतात, असल्या नोंदींतच त्या जागेचें खरें सामर्थ्य लिहिलेलें असतें. सेंट हेलेनाचीं राज्यें बदललीं, जहाजें बदललीं, आतां विमानें आलीं. खाडी, कडा आणि वारा हीं तिन्ही मात्र जशींच्या तशीं आहेत. जो कागद यांविषयीं बोलतो तो कधींहि जुना होत नाहीं.